आमची काही हरकत नाही

९ मार्च

प्रिय धाकटे,

तुझे पत्र येऊन दीड महिना झाला आणि मी आज उत्तराला बसलो आहे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र पुरे वाच. तीनदा लिहायला बसलो, तीनदा उठलो. एकदा शाई सांडली, एकदा तुझ्या वहिनीने बादली भरायला पाठवले, आणि तिसऱ्यांदा नुसताच कागदाकडे बघत बसलो. कुठून सुरुवात करावी तेच सुचेना. प्रकृती बरी आहे. म्हणजे रक्तदाब आहे, गुडघे आहेत, पण ते जुनेच.

आमच्या गल्लीच्या मागे त्या बंद पडलेल्या काचकारखान्याची मोकळी जागा आहे ना, तिथे स्टेडियम होणार आहे. चाळीस हजार माणसे बसतील एवढे. मी मोजून पाहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीखालून त्यांनी चुन्याने मारलेली रेघ बावीस पावलांवर आहे, आणि माझी पावले आता आखूड पडतात. चारी कोपऱ्यांना दिव्यांचे मनोरे. त्यात मुख्य दरवाजाचा रस्ता आमच्या गल्लीतून. गल्ली रुंद करायची म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांच्या पुढच्या खोल्या जाणार. तुझी वहिनी म्हणते, "मला कुठे ऐकू येतंय? खेळू दे की त्यांना." ऐकू येत नाही हे खरे, पण तिची खाट पुढच्याच खोलीत आहे. ती खाट मी कुठे नेऊ?

जानेवारीत नोटीस लागली, की कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवावे. आमच्या समोरच टेलरमास्तरचे दुकान आहे, तिथे सभा झाली. एरवी गल्लीतले सगळे अर्ज शाळेतल्या बाई लिहून देतात, पण त्या लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या होत्या. मग बेकरीवाला म्हणाला, "पेंटरकाकांचं अक्षर बघा, छापल्यासारखं. त्यांनाच लिहू दे." चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्यावर अक्षर चांगले असणारच. पण पाटीवर चार शब्द असतात गं, आणि मी शिकलो चौथीपर्यंत. तरी दोन पाने लिहिली. त्रेपन्न घरांनी सह्या केल्या, ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठे दिले. मास्तरला त्याच कार्यालयात शिपायांच्या गणवेशांची मापे घ्यायला जायचे होते, म्हणून अर्ज त्याच्या हाती दिला. त्याने शिक्क्याची पोचही आणली.

आता गेल्या आठवड्यात कार्यालयाबाहेर यादी लागली. कोणत्या वस्तीची हरकत आहे आणि कोणत्या वस्तीची नाही, अशी. आमच्या गल्लीपुढे लिहिले आहे, "हरकत नाही."

गल्लीत एकच गोंधळ उडाला. सगळे मास्तरवर उलटले आहेत. म्हणतात, त्याने वाटेत कागद बदलला, त्याला तिथल्या साहेबांनी खेळाडूंचे कपडे शिवायचे काम कबूल केले आहे. मी गप्प आहे. मास्तर तसा वाटत नाही. पण माणूस आतून कसा असेल, काय सांगावे. त्याचे त्या कार्यालयात जाणेयेणे आहे हे तर खरे ना?

तू तीस वर्षे अशाच कार्यालयात टायपिस्ट होतीस. वाटेत कागद बदलता येतो का, ते कळव. अठरा एप्रिलला सुनावणी आहे. मला झोप लागत नाही.

तुझा,
दादा

१५ मार्च

ती. दादा,

दीड महिन्याने का होईना, पत्र आले. शाईचा डाग पाकिटावरही आहे, तेव्हा शाईचे खरे मानते. बादलीचे नाही. वहिनी तुला बादली भरायला पाठवते आणि तू जातोस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही.

स्टेडियमचे वाचून काळजी वाटली. पण आधी मास्तरबद्दल. कागद बदलायचा म्हणजे त्रेपन्न सह्या आणि अंगठे नव्याने पैदा करायला हवेत. मास्तर काय बसमध्ये बसून बोटे शाईत बुडवत होता? आणि एवढे करण्यापेक्षा अर्ज नुसता फेकून दिला असता तरी त्याचे काम झाले असते. पोच कशाला आणली असती? जरा विचार कर. आणि गल्ली बोलते म्हणून तू बोलू नकोस. गप्प आहेस असे लिहितोस, पण अशा वेळी गप्प राहणाराही लोकांच्याच बाजूला मोजला जातो.

आता एक काम कर. अर्जात तू काय लिहिलेस, ते मला शब्दाला शब्द उतरवून पाठव. तू साधी पाटी रंगवायची तरी आधी खडूने आखून घ्यायचास, तेव्हा अर्जाचा कच्चा कागद जपून ठेवला असशीलच. मला एक शंका आहे. कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही.

तुझी,
धाकटी

२८ मार्च

प्रिय धाकटे,

तू कागद मागितलास, पण त्यात बघण्यासारखे काय आहे? लिहायला हवे ते सगळे लिहिले होते. आवाज, दिवे, गाड्या, पुढच्या खोल्या, रुग्णवाहिका गल्लीत कशी येणार. काही सोडले नाही.

इथले ऐक. बेकरीवाल्याने मला मोठा फलक रंगवायला सांगितला. "स्टेडियम नको". लाल अक्षरे, काळी सावली, एकेक अक्षर हातभर. शिडीवर चढलो तर बायका ओरडायला लागल्या, "काका, पडाल!" चार जणांनी शिडी धरली. मास्तर आपल्या दारात उभा होता. तोही धरायला आला, तर बेकरीवाला म्हणाला, "तुझा हात नको, शिडीपण विकशील." सगळे हसले. मी वर पुढचे अक्षर भरत राहिलो. हातात ब्रश होता, रंग ओघळत होता.

परवा दुपारी मास्तर घरी आला. गळ्यात मापाची टेप तशीच. बसला नाही.

"पेंटरकाका, लोक शिवायला टाकलेलं परत नेतायत. बेकरीवाल्याने एक बाही लावलेला सदरा नेला. एका बाहीने घालणार आहे का तो?"

मी म्हटले, "डोकी तापली आहेत. होईल सगळं ठीक."

"तुम्ही पाकीट चिकटवून दिलंत, मी तसंच खिडकीत दिलं. उघडूनसुद्धा बघितलं नाही. काका, सभेत वाचलेलाच कागद आत होता, हे तुम्हालाच ठाऊक. तेवढं फक्त बेकरीपाशी उभं राहून सांगा. तुमचं ऐकतील."

मी म्हटले, "बघू."

त्याने टेप गळ्यातून काढून खिशात घातली. मग तुझ्या वहिनीला हात जोडून गेला. तिने मला विचारले, "काय म्हणत होता?" मी तिच्या कानाशी ओरडून सांगितले, "काही नाही, सहज आला होता." एवढ्या मोठ्याने की त्याला जिन्यात नक्की ऐकू गेले असेल.

पत्र बंद करत होतो, पण तू पुन्हा मागशील म्हणून कच्चा कागद काढला. दोन्ही पाने उतरवत नाही, डोळे दुखतात. सुरुवात अशी आहे:

"माननीय साहेबांस नमस्कार. गावासाठी स्टेडियम होण्यास आम्हा गल्लीकरांची काही हरकत नाही. मुलांनी खेळलेच पाहिजे, खेळाने शरीर आणि मन चांगले राहते. परंतु ते आमच्या घरांना लागून होऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्याची कारणे पुढच्या पानावर दिली आहेत."

पुढच्या पानावर अकरा कारणे आहेत. आता सांग, यात काय वावगे आहे? आपले बाबाच सांगायचे ना, समोरच्याशी आधी चार शब्द गोड बोलावेत, मग आपले काम काढावे.

तुझा,
दादा

२ एप्रिल

ती. दादा,

तुझे पत्र खुर्चीत बसून वाचले ते बरे झाले.

कागद कुणीही बदललेला नाही. यादीत जे छापले आहे ते तुझेच वाक्य आहे. "काही हरकत नाही." आपण घरात, रस्त्यात दिवसातून दहादा म्हणतो तेच. पण ज्या टेबलावर तो अर्ज गेला तिथे हरकत या शब्दाला एकच अर्थ असतो, आणि ती आहे की नाही एवढेच बघतात.

हे मला लगेच कसे समजले, ते आता सांगते. आजवर कुणाला सांगितले नाही. आमच्याकडे असे अर्ज गठ्ठ्याने यायचे आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत तक्ता हवा असायचा. तक्त्यात दोन रकाने, हरकत आहे आणि हरकत नाही. मी प्रत्येक अर्जाची पहिली एक-दीड ओळ वाचायची आणि फुली मारायची. एका वस्तीचा अर्ज असाच होता. पूल व्हायला आमची हरकत नाही, पण, असा. मी "पण"पाशी पोचलेच नाही. पुढे महिन्याभराने त्या वस्तीतली एक बाई खिडकीशी आली. म्हणाली, "ताई, आम्ही तर नको म्हटलं होतं." मी तिला म्हटले, "कागदावर तसं नाही." मी जागची उठलेही नाही, फाइल उघडली नाही. ती पदर सावरून निघून गेली. मला तिची साडीसुद्धा आठवते.

तेव्हा चूक तुझी एकट्याची नाही. माझ्यासारखे कुणीतरी तिथेही बसले आहे. पण मास्तरची तर अजिबात नाही, आणि हे आता आपल्या दोघांना माहीत आहे.

अर्जाची नक्कल घेऊन सुनावणीला जा आणि उभा राहून सांग. ते अठराला. त्याआधी, पत्र हातात पडताच, समोरच्या दुकानात जा. चप्पल घालायला लागेल तेवढाच वेळ लाव.

तुझी,
धाकटी

१० एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझे पत्र पाच दिवस उशीखाली ठेवले आहे.

आधी मला फार राग आला. तुझाही आला. मी काय वाईट लिहिले? पायावर पाय देणाऱ्यालासुद्धा आपण हरकत नाही म्हणतो. म्हणजे काय, पुन्हा दे, असे सांगतो का? आणि मी एकट्याने लिहिले का? सभेत मोठ्याने वाचून दाखवले. त्रेपन्न घरे ऐकत होती. बेकरीवाला म्हणाला होता, "सुरुवात झकास केलीत काका, एकदम सभ्य." मास्तर एकटाच शिवण टाकून टाळ्या वाजवत होता. कुणाच्या लक्षात आले नाही, मग सगळा दोष माझ्याच माथी का?

मनातल्या मनात हे सगळे तुझ्याशी भांडून झाले. आता राहिलेले लिहितो.

यादी लागली त्या दिवशी मीही बघायला गेलो होतो. चष्मा पुसून वाचले, "हरकत नाही". ते शब्द मी ओळखले, धाकटे. आपण रंगवलेली पाटी माणूस लांबून ओळखतो, तसे. मग मागून कोणीतरी म्हणाले, "मास्तरने कागद बदलला." मला एकदम हलके वाटले. म्हटले, असेल. असेलही. आणि घरी येऊन तुला विचारायला बसलो, वाटेत कागद बदलता येतो का म्हणून. तू हो म्हणावेस म्हणून विचारत होतो.

मी मास्तरकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा दुकानात गिऱ्हाईक होते. आजकाल त्याच्याकडे गिऱ्हाईक नसते, पण नेमके त्या दिवशी होते. दुसऱ्यांदा तो मशीनला तेल घालत होता. मान वर केली नाही, मी दोन मिनिटे उभा राहून परत आलो. तिसऱ्यांदा पायरीपर्यंत गेलो आणि बेकरीवाला समोरून आला. "काय काका, त्याच्याकडे काय काम?" मी म्हटले, "सुई मागायला आलो होतो." म्हणाला, "आमच्याकडून घ्या." आणि खरेच सुई आणून दिली.

मी ठरवले आहे, सुनावणीतच सगळ्यांसमोर सांगायचे. एकदाच. म्हणजे मास्तरलाही तिथेच कळेल. दोनदा सांगायची माझ्यात ताकद नाही. आठच दिवस राहिले. एवढे दिवस काढले त्याने, आठ अजून काढील.

तुझा,
दादा

१४ एप्रिल

ती. दादा,

एवढेच लिहिते, म्हणजे आजच्या टपालाने जाईल.

आठ दिवस तुझे नाहीत, त्याचे आहेत. सभेत सांगितलेस तर गल्लीला सांगितल्यासारखे होईल. त्याला वेगळे सांगावे लागेल. सुई घेऊन जा, हवे तर. पण जा.

तुझी,
धाकटी

३ मे

प्रिय धाकटे,

तुझे ते चार ओळींचे पत्र मला एकोणीस तारखेला मिळाले.

आधी सुनावणीचे लिहितो. मोठी खोली होती, पंख्यांचा आवाज, भिंतीवर स्टेडियमचे रंगीत चित्र. चित्रात आमच्या गल्लीच्या जागी झाडे काढली आहेत. आमचा नंबर आला तसा मी उठलो. कागद उलगडले. साहेब तरुण होते. म्हणाले, "आजोबा, बसून बोला, हरकत नाही."

मी उभाच राहिलो.

त्यांनी यादी बघितली. "पण तुमच्या गल्लीची तर हरकत नाही असं इथे आहे. मग बोलायचं काय आहे?"

"साहेब, ते माझंच वाक्य आहे. पुढचं वाचा."

"पुढचं कुठलं?"

"पान उलटा."

फाइल शोधायलाच दहा मिनिटे गेली. साहेबांनी पान उलटले आणि वाचू लागले. मनातल्या मनात सुरू केले होते, मग मोठ्याने वाचले. अकराच्या अकरा कारणे. तुझ्या वहिनीच्या खाटेचे नववे होते. खोलीत कुणी हसले नाही. मग त्यांनी विचारले, "एवढं सगळं होतं, तर सुरुवातीलाच हरकत नाही का लिहिलंत?"

मी म्हटले, "आत्ता तुम्ही मला बसायला सांगताना म्हणालात, तसंच लिहिलं."

साहेबांनी यादी पुढे ओढली. मग लाल पेन मागवला आणि यादीतले "नाही" खोडून "आहे" केले. बाजूला सही केली. म्हणाले, निकाल महिन्याभरात लागेल, स्टेडियम थांबेल असे वचन देत नाही, पण दरवाजा दुसऱ्या बाजूने नेता येतो का ते बघायला इंजिनिअरला सांगतो. निकाल अजून लागलेला नाही. चुन्याची रेघ आहे तिथेच आहे.

मी खाली बसण्याआधी मागे वळून गल्लीकरांना सांगितले, "मास्तरने काही केलेलं नाही. अर्ज मी लिहिला, असा लिहिला. आणि मला यादी लागली तेव्हापासून शंका होती." बेकरीवाल्याने येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या काका, वय झालं, चुकतं माणसाचं." कुणी पाणी आणले, कुणी रिक्षा आणली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मी असते तर हे झालं नसतं," पण तेही मायेने. पाच मिनिटांत मला माफ करून मोकळे झाले सगळे. मास्तरला सहा आठवडे कुणी साधे विचारले नव्हते. मला त्या रिक्षात बसवेना. पायी घरी आलो.

मास्तर सुनावणीला नव्हता. तो आदल्या दिवशीच गेला होता.

सतरा तारखेला सकाळी त्याच्या दारात टेम्पो उभा राहिला. मी खिडकीत होतो. दोघांनी मिळून मशीन चढवले, मग कापायचे टेबल, मग तो उंच आरसा, चादरीत गुंडाळून. आरशासाठी मास्तरने स्वतः हात लावला. एकदा त्याने वर माझ्या खिडकीकडे बघितले. मी मागे सरकलो. तुझ्या वहिनीने विचारले, "मास्तर कुठे चालला?" तिला दिसते सगळे. मी म्हटले, "माहीत नाही." खाली उतरायला अठरा पायऱ्या आहेत, धाकटे. मी मनाशी म्हणत होतो, उद्या सगळे साफ होणारच आहे, उद्याच त्याला निरोप धाडू. टेम्पो वळेपर्यंत हेच म्हणत होतो.

आता दुकानाला कुलूप आहे. बेकरीवाला म्हणतो, "येईल परत, जाणार कुठे?" पण कुणी बोलवायला गेलेले नाही. मी दुकानाच्या मालकाकडून पत्ता घेतला. मास्तर लेकीकडे राहायला गेला आहे, आणि तिचे घर तुझ्याच शहरात, पाण्याच्या टाकीच्या मागच्या रस्त्याला आहे. मी त्याला दोन पत्रे लिहिली. पहिले न उघडता परत आले, पाकिटावर "घेत नाही" असे लिहून. दुसरे परत आलेले नाही, पण उत्तरही नाही. माझे अक्षर तो पाकिटावरूनच ओळखतो. चांगल्या अक्षराचा हा असा उपयोग.

म्हणून तुला सांगतो. पत्ता वेगळ्या कागदावर लिहिला आहे. तू जा. सुनावणीत काय झाले ते सांगू नकोस, ते त्याला कुणीतरी कळवले असेल. त्याला एवढेच सांग, की पेंटरला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तो घरी आला आणि मी "बघू" म्हटले, तेव्हाही माहीत होते. टेम्पो भरताना मी खिडकीतच होतो, तेही सांग. यातले काही गाळू नकोस, आणि माझ्या वयाचे कारण पुढे करू नकोस. त्याने दार उघडले नाही तर बाहेरूनच सांग. तुझा आवाज ऐकू जाईल एवढा मोठा आहे.

तो काय म्हणाला ते लगेच कळव. रागाने काही बोलला तर ते जसेच्या तसे लिही. काहीच बोलला नाही, तर काही बोलला नाही एवढी एक ओळ तरी टाक. पण लवकर लिही, मी रोज टपालाची वाट बघत दारातच बसतो आहे.

तुझा,
दादा